‘मम्मी मुलगा हाय काय?’

ताई, मी मूळची पुण्याची. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन कोल्हापुरात आले आणि जूनपासून एका शाळेत छोट्या गटाला शिकवते. मागच्या आठवड्यात चार वर्षांची एक मुलगी रिकामा डबा दाखवत म्हणाली, ‘टीचर, मी जेवलो.’ मी म्हटलं, ‘जेवलो काय? तू मुलगी ना? जेवले म्हण.’ तिनं जरा विचार केला आणि विचारलं, ‘मम्मीपण जेवलो म्हणते. मम्मी मुलगा हाय काय?’ मला हसू आवरेना. शेजारच्या वर्गातल्या टीचरना तिच्यासमोरच सांगितलं, त्याही हसल्या. त्या दिवसापासून पोरगी वर्गात गप्प आहे. पाणी हवं असलं तरी बाटलीकडे बोट दाखवते. मुख्याध्यापिका म्हणतात, शुद्ध बोलायला शिकवणं हे आपलं कामच आहे. माझं चुकलं का?

*

चुकलं. पण निस्तरता येईल असं आहे. (माझ्या लेकीच्या वयाची दिसतेस, म्हणून अगं-तुगं करते.)

मी इथल्या, कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत वाढले, बालवाडीत शिकवण्यात तीसेक वर्षं घालवली, आणि घरात अजूनही ‘मी आलो’, ‘मी भाजी आणायला जातो’ असंच म्हणतो. बघ, निसटलंच. कागदावर तेवढं ‘म्हणते’. कोल्हापुरात बाईनं ‘मी गेलो’ म्हणणं ही चूक नाही, रीत आहे. आमच्या वेळी पुण्याकडची मंडळी मुलगी बघायला आली की अर्धा तास ‘आले-गेले’ सांभाळायचं आणि पाहुणे जिना उतरले की सुटलो एकदाचं म्हणायचं.

तेव्हा तुझ्या त्या पोरीचं व्याकरण पक्कं आहे. आई, आजी, आत्या यांचं ऐकून ऐकून तिनं नियम बसवला. तू दुसरा नियम सांगितलास. तिनं तो लगेच आईवर ताडून पाहिला आणि जे निघालं ते तुला विचारलं. दहावीच्या पोरानं एवढं डोकं चालवलं असतं तर आपण पाठ थोपटली असती. हिला उत्तर हवं होतं आणि मिळालं हसू, तेही आपल्या मम्मीला हसतायत असं वाटायला लावणारं. तुझ्या मनात तसं नव्हतं हे मला कळतं. तिला कसं कळावं?

माझ्याकडूनही असंच झालंय. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचा पूर ओसरला, शाळा पुन्हा भरली आणि मी मुलांना ‘माझी शाळा’ काढायला दिली. चिखलीचा एक मुलगा तेव्हा आमच्या भागात मामाकडे राहायला आला होता. त्यानं फळा काढला, खिडकी काढली आणि फळ्यापुढं एक म्हैस. मी कागद वर धरून म्हटलं, ‘अरे, म्हैस कधी शाळेत येते का?’ सगळा वर्ग खिदळला. तो खाली बघत म्हणाला, ‘आमची आल्ती की. पाणी आलं तवा.’ त्यांच्या घरानं पुराचे दिवस गुरांसकट एका शाळेत काढले होते. बघितलं ते त्यानं काढलं. दुसऱ्या दिवशी मी त्याच्याजवळ फरशीवर बसले आणि विचारलं, म्हैस बांधली कुठं होती? मग काय, थांबायचं नाव नाही. दावं खिडकीच्या गजाला, वैरण बाकावर, किटली सरांच्या खुर्चीवर, आणि रात्री म्हैस कशी घोरते ते करूनसुद्धा दाखवलं.

तूही असंच कर. वर्गापुढं उभी राहून माफीबिफी मागू नकोस, सगळ्यांच्या नजरा पुन्हा तिच्यावरच जातील. डब्याच्या वेळी तिच्याशेजारी खाली मांडी घालून बस. डब्याच्या झाकणात मूठभर चिरमुरे घे. तू ‘चुरमुरे’ म्हणत असशील, आम्ही चिरमुरे. तिला विचार, ‘मी पुण्याची, मला इथलं बोलणं येत नाही. तुम्ही याला काय म्हणता गं?’ सांगेल, नाही सांगणार. नाही सांगितलं तर खात बस, उद्या पुन्हा विचार. कधीतरी तूच ‘मी जेवलो’ म्हणून बघ. तुझ्या तोंडून ऐकून ती फिस्सकन हसेल. तेव्हा तिला पोटभर हसू दे.

‘जेवले’ शिकवायचंच असेल तर ते दुरुस्तीतून नको. ती ‘मी जेवलो’ म्हणाली की तू म्हण, ‘हो? मीपण जेवले. भाजी कसली होती?’ कानावर पडत राहिलं की येतं. घरची एक भाषा आणि शाळेतली एक, दोन्ही मुलं सहज वापरतात. मी वापरते तशी.

मुख्याध्यापिकांना सांग, २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरणसुद्धा लहान वयात घरच्या भाषेवर भर देतं. त्यावर त्या ‘धोरणं काय, येतात नि जातात’ म्हणतील, आणि तेही खोटं नाही. मग खेड्यापाड्यांत बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं काढ. १९५७ साली त्यांचं काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली आदिवासी मुलं गुरं राखायला जायची, शाळेत येणार कधी? तर या बायांनी शाळाच कुरणात नेली, कुरणशाळा. तुम्हाला तर फक्त एका क्रियापदापर्यंत जायचंय.

मुलीच्या आईलाही भेट आणि झालं ते सरळ सांग. तक्रारीच्या सुरात नको, आणि ‘घरी नीट बोलत जा’ हे तर चुकूनही नको. पोरगी घरी पूर्वीसारखी बडबडते का, तेवढं विचार. घरीही गप्प असेल, किंवा शाळेतलं गप्प राहणं महिन्यावर गेलं, तर मुलांच्या डॉक्टरांना दाखवायला सांग. तोवर ‘बोल ना, बोल ना’ म्हणून कुणी तिच्या मागं लागू नये. बाटलीकडे बोट दाखवलं तर पाणी दे.

आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर तू अजून दिलेलं नाहीस. ती बोलायला लागली की तेवढं देऊन टाक: ‘नाही गं, मम्मी मुलगा नाही. मम्मी कोल्हापूरची आहे.’