बेमालूम

प्रश्न : कॅमोफ्लाजला, म्हणजे आसपासच्या रंगरूपात दिसेनासं होण्याला, मराठीत 'सरड्यासारखा रंग बदलणे' म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. वन्यजीवांवरची मराठी निवेदनं ऐकताना या वाक्याने कान किटले आहेत. रातवा पक्षी कधी रंग बदलतो? त्याची पिसंच सुकल्या पानांच्या तपकिरी-करड्या रेघोट्यांची. दिवसा पाचोळ्यात जमिनीला चिकटून, डोळ्यांच्या फटी करून बसतो आणि आपला पाय अगदी अंगावर पडायची वेळ येईतो हलत नाही. टिटवीची अंडी तर उघड्यावर, खड्यांमध्ये. त्यांनी कुठला रंग बदलायचा? शिवाय आपल्या कुंपणावरचा सरडा विणीच्या दिवसांत गळा लालभडक करतो, तो लपायला नव्हे, मिरवायला.

परिभाषावाल्यांचं 'छद्मावरण' त्याहून वाईट. 'छद्म' हे छद्, म्हणजे झाकणे, या धातूतलं. 'आवरण' हेही झाकणच. पांघरुणावर पांघरूण! आणि रातव्याने मुळात काही पांघरलेलंच नसतं. 'मायावरण' म्हटलं की मला तर आई आठवते.

शब्द घरातच आहे : बेमालूम. 'रातवा पाचोळ्यात बेमालूम मिसळून गेला होता.' झालं! 'बे' फारसी, 'मालूम' अरबी. ऐन-लाम-मीम या तीन अरबी अक्षरांतून जाणण्याचा केवढा पसारा निघाला पाहा : इल्म म्हणजे ज्ञान, आलिम म्हणजे जाणकार, त्याचंच अनेकवचन उलेमा, मालूम म्हणजे जाणलेलं. आणि तालीम! मूळ अर्थ शिकवणं. मराठीत ती आखाड्यातही उतरली आणि नाटकवाल्यांकडेही गेली. तिचा 'ताला'शी काडीचा संबंध नाही, कोणी कितीही छातीठोक सांगो.

जुन्या पत्रांत 'मालूम जाहले' सर्रास दिसतं. आज मराठीतून मालूम जवळजवळ गेला, बेमालूम मात्र टिकला. माझ्या मते तो टिकवला कारागिरांनी. रफू बेमालूम, सांधा बेमालूम, नटाच्या केसांच्या टोपाची कड बेमालूम. म्हणून तर 'छद्म'मध्ये कपटाचा वास येतो आणि 'बेमालूम'मध्ये शाबासकी ऐकू येते. कोश त्याला 'न कळेल असा' एवढ्यावर उरकतात, ही शाबासकी त्यांच्या गावीही नसते.

नामच हवं असेल तर 'बेमालूमपणा' घ्या. परका शब्द म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी आधी तालीम सोडावी, आणि कुस्तीही; तीही फारसीच आहे.