आईचा खुबा बदलायचा आहे (आम्ही फोंड्याचे). नेव्हिगेशनने (संगणकाच्या मार्गदर्शनाने) शस्त्रक्रिया जास्त अचूक होते का?

हो, कृत्रिम वाटीचा कोन आणि पायांची लांबी नेव्हिगेशनने जास्त अचूक साधते. मी ऑर्थोपेडिक थिएटरात नर्स आहे: कुशीवर झोपवलेल्या पेशंटचं कटिर (कमरेखालचं हाडांचं कडं) ऑपरेशन चालू असताना थोडं कलतं, नजरेला ते कळत नाही. नेव्हिगेशनमध्ये हाडात रोवलेल्या पिनांवरचे चकाकते गोळे इन्फ्रारेड कॅमेरा टिपतो आणि कोन पडद्यावर आकड्यात दिसतो. १९७८ पासून वाटीचा कल ४० आणि पुढचा रोख १५ अंश, दोन्हींत १० अंश इकडेतिकडे, हे प्रमाण रूढ आहे. पण कंबरेचे मणके आखडलेले असतील तर हे आकडे गाठूनही सांधा निखळू शकतो. म्हणून आईचे बसून आणि उभं राहून एक्स-रे काढायचे का, हे विचाराच. चवथीला त्यांना पाटावर बसायचं असेल, तर तेही सर्जनना आधी सांगा.