परीक्षा विभागातल्या क्लार्कला हे ट्रेनिंग कशाला?

प्रश्न : मी एका सीनियर कॉलेजात परीक्षा विभागात क्लार्क आहे. आता प्रिन्सिपॉल सरांनी नोटीस काढलीय की मानसिक आरोग्य प्रथमोपचाराच्या ट्रेनिंगला प्राध्यापकांबरोबर ऑफिस स्टाफनेही बसायचं. आम्ही काय सायकॉलॉजिस्ट आहोत का? आणि आम्ही काही उलटसुलट बोललो नि पोराने बरंवाईट केलं तर आमच्याच गळ्यात ना? – एक वाचक, सातारा

उत्तर : हे सरांच्या डोक्यातून आलेलं नाही हो. सुप्रीम कोर्टाने जुलै 2025 मध्ये शिक्षणसंस्थांना जे निर्देश दिले त्यातच आहे, शिकवणारा असो की न शिकवणारा, सगळ्या स्टाफला वर्षातून निदान दोनदा असं ट्रेनिंग द्यायचं. आणि खरं सांगू का, मला तर प्राध्यापकांपेक्षा तुमची खिडकी महत्त्वाची वाटते, कारण इयर डाऊन झालेला, महाडीबीटीची स्कॉलरशिप अडकलेला, फी बाकी म्हणून हॉलतिकीट न मिळालेला पोरगा आधी तुमच्याच समोर उभा राहतो आणि तेव्हा तुमच्या जेवणाच्या सुटीचा टाइम झालेला असतो.

सायकॉलॉजिस्ट कुणी व्हायला सांगत नाहीये. आजार ओळखणं, उपचार करणं हे तुमचं काम नाहीच, योग्य माणसाच्या हाती देईपर्यंत सांभाळायचं, बस्स. समजा एखादा बोलून गेला, "सर, आता फॉर्म भरून तरी काय उपयोग". तर 'आईवडलांचा विचार कर' वगैरे सुरू करू नका, आत घ्या, खुर्ची द्या, ऐकून घ्या आणि सरळ विचारा, "जीव द्यायचे विचार येतायत का?" असं विचारल्याने विचार डोक्यात भरतो ही भीती खोटी आहे, उलट बऱ्याच जणांना बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर एकटं सोडायचं नाही, काउन्सेलरकडे चिठ्ठी देऊन पाठवायचं नाही, सोबत जायचं. 'कुणाला सांगणार नाही' असा शब्दही देऊ नका, जिवाचा प्रश्न असला की तो पाळता येत नाही. काउन्सेलर जागेवर नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावा, फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

गळ्यात येण्याचं म्हणाल तर तुम्ही ऐकलंत, सोबत गेलात, काउन्सेलरच्या कानावर घातलंत, याहून जास्त तुमच्याकडून कुणी मागत नाही. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असले की काउन्सेलर नेमणं कोर्टाने कॉलेजवर टाकलंय, म्हणून ट्रेनिंगला बसलात की आपला काउन्सेलर कोण, बसतो कुठे, सहानंतर फोन कुणाला करायचा हे आधी विचारून घ्या. आणि नुसती पीपीटी दाखवून सह्या घेत असतील तर तो 'जीव द्यायचे विचार येतायत का'चा प्रश्न मोठ्याने विचारायची प्रॅक्टिस करून घ्या म्हणा, पहिल्यांदा तोंडातून निघत नाही तो.