फवारण्याआधी पान पुसून पाहा

प्रश्न : परसातल्या हापूसची पानं मोहोर आल्यापासून काजळ फासल्यासारखी काळी झाली आहेत. झाडाखालची फरशीही चिकट होते. तांब्याचं बुरशीनाशक दोनदा फवारलं, काही उपयोग नाही. (चिपळूण)

उत्तर : ओल्या फडक्यानं एक पान पुसा. काळं फडक्यावर येऊन खालून हिरवंगार पान निघालं, तर ती काजळी. ही बुरशी खरी, पण ती पानात शिरत नाही. तुडतुडे रस शोषतात आणि गोड, चिकट द्रव टाकतात. त्यावर ती वाढते. तुमची फरशी चिकट होते तीही त्यामुळेच. बुरशीनाशकानं तुडतुडे मरत नाहीत, मग फरक कसा पडणार?

मोहोराची फांदी हलवून पाहा. पाचरीच्या आकाराचे करडे-तपकिरी किडे भुर्रकन उडाले, की खात्री झाली. मुंग्यांची रांग खोडावरून वर जात असेल तर पिठ्या ढेकूणही (पांढरे, पिठाळ रसशोषक किडे) शोधा. मोहोर फुलण्याआधी लिटरभर पाण्यात ५ मिलि निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण घोटून, संध्याकाळी पानांच्या खालून आणि खोडाच्या सालीवर फवारा. मोहोर फुलल्यावर कीटकनाशक नको. माश्या आणि मधमाश्याच तेव्हा फळधारणा करून देत असतात. आधीची काजळी काढायला ५० ग्रॅम मैदा लिटरभर पाण्यात उकळून, गाळून, गार करून फवारा. उन्हात खळीचा पापुद्रा सुटतो आणि काजळी घेऊन गळतो. फळं काढून झाली की मधल्या दाट फांद्या विरळ करा, कारण तुडतुड्यांना सावली लागते.

डाग पुसूनही गेला नाही आणि कोवळ्या पानांना तपकिरी ठिपके पडून भोकं झाली, तर तो करपा. मोहोरावर पांढरी पीठासारखी भुकटी दिसली तर भुरी; तिला पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम. भर उन्हात मात्र गंधक मारू नका, मोहोर जळतो.

प्रश्न : कागदी लिंबाच्या पानांवर आणि फळांवर खरखरीत डाग आहेत. बुंध्यातून डिंकही गळतो. एकच रोग आहे का? (बारामती)

उत्तर : नाही, दोन आहेत. डाग उजेडासमोर धरा. मध्ये फुगीर, बुचासारखा खडबडीत आणि भोवती पिवळं कडं दिसलं तर तो खैऱ्या. हा जिवाणूंचा रोग. पानांत नागमोडी रेघा काढणारी नागअळी जखमा करते, पावसाचे शिंतोडे जिवाणू पसरवतात. पावसाळ्याआधी कोरड्या दिवशी रोगट फांद्या डागाच्या दोन-तीन इंच खालून छाटा आणि जाळा. कात्री प्रत्येक कापानंतर निर्जंतुक करा. बहुतेकांकडून हेच राहतं. मग कॉपर ऑक्सिक्लोराइड (तांब्याचं बुरशीनाशक) फवारा, लिटरला ३ ग्रॅम. जुने डाग त्यानं जात नाहीत, नवी पालवी वाचते.

डिंक हा डिंक्या, म्हणजे मातीतल्या फायटोफ्थोरा बुरशीचा. आळ्यात पाणी बुंध्याला लागून साचतं किंवा कलमाचा जोड मातीत गाडला जातो, तिथून सुरुवात होते. जोडापर्यंतची माती बाजूला करा. आळं दुहेरी करा : बुंध्याभोवती मातीचा कोरडा उंचवटा, त्याच्या बाहेर पाण्याचं कडं. डिंक गळतो तिथली कुजकी साल धारदार चाकूनं, निरोगी साल लागेपर्यंत खरवडा आणि बोर्डो मलम लावा.

मलमाचं प्रमाण : मोरचूद (कॉपर सल्फेट) १०० ग्रॅम, कळीचा चुना १०० ग्रॅम, पाणी १ लिटर. अर्ध्या लिटरमध्ये मोरचूद प्लास्टिकच्या भांड्यात रात्रभर भिजवा. लोखंडी बादली नको, मोरचूद ती खातं. उरलेल्या अर्ध्या लिटरमध्ये चुना विरवून गार झाल्यावर गाळा. दोन्ही एकदम तिसऱ्या भांड्यात ओतत ढवळा. लोखंडी सुरीचं पातं मिनिटभर बुडवून पाहा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला, नाहीतर साल भाजेल. त्याच दिवशी जमिनीपासून अडीच-तीन फुटांपर्यंत ब्रशनं लावा. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा.

प्रश्न : पपईची शेंड्याची पानं आक्रसून पिवळी-हिरवी झाली, फळांवर गोल कडी उमटली. कोणतं औषध? (नाशिक)

उत्तर : औषध नाही. हा मावा या रसशोषक किडीमुळे पसरणारा विषाणू आहे. झाड मुळासकट काढा, लगेच, शेजारची रोपं वाचवायची असतील तर. फळं खायला चालतात, चव मात्र उतरते. पुढची पपई काकडी-भोपळ्याच्या वेलांपासून लांब लावा, तोच विषाणू त्यांच्यावरही राहतो.