‘नो’ लिहिण्याआधी

कोल्हापूर

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या इंग्रजी निबंधात जाणण्याचं ‘नो’ सात वेळा आलंय, त्यात चार वेळा चुकलंय. चुका मराठीतून आल्यात, तेव्हा त्या मराठीतूनच सोडवू.

रंकाळा कुठे आहे हे आपल्याला माहीत असतं, पैलवानाला आपण ओळखतो आणि त्याला कुस्ती येते. या तिन्हींसाठी इंग्रजीत ‘नो’ चालतं. पण हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही तीन क्रियापदं होती: वितन, क्नावन आणि कुन्नन. ढोबळमानाने माहीत असणं, ओळखणं आणि येणं. जर्मनमध्ये अशी तीन अजून नांदतात. इंग्रजीत वितन मागे पडलं, क्नावनचं ‘नो’ झालं आणि कुन्ननचं ‘कॅन’.

वितनचं नातं आपल्या ‘विद्’शी, म्हणजे ‘वेद’शी. उरलेली दोन ‘ज्ञा’च्या, म्हणजे ‘जाणणे’च्या घरातली. इंग्रजीने ती संस्कृतातून उचलली नाहीत. दोघांचा पूर्वज एकच. संस्कृतात ज तिथे इंग्रजीत क, हे पडताळून बघ: जन आणि किन, जानु आणि गुडघ्याचं ‘नी’, ज्ञा आणि ‘नो’. शेवटच्या दोहोंतला क आता फक्त लिहिण्यात उरलाय. सतराव्या शतकाच्या सुमारास तो उच्चारातून गेला. हे कळलं की स्पेलिंग घोकावं लागत नाही.

आता तुझ्या चुका. ‘मला कुस्ती येते’साठी ‘आय नो रेसलिंग’ नको, त्यातून कुस्तीची माहिती आहे एवढंच कळतं. ‘आय कॅन रेसल’ किंवा ‘आय नो हाऊ टु रेसल’ लिही. ‘आय नो शाहू महाराज’ असं लिहिलंस, तर तू त्यांना भेटला होतास असा अर्थ निघतो, आणि ते तर १९२२ साली गेले. तिथे ‘नो अबाउट’ हवं. ‘आय ॲम नोइंग’ खोडून टाक. जाणणं ही स्थिती आहे, चालू असलेली कृती नव्हे.

सगळ्यात चिवट चूक ‘आय नो हिम सिन्स २०१९’ ही. मराठीत ‘२०१९पासून ओळखतो’ म्हणताना साधा वर्तमानकाळ पुरतो, म्हणून ती कानाला खटकतच नाही. इंग्रजीत मागून आजपर्यंत चालत आलेल्या गोष्टीला ‘हॅव नोन’ लागतं.

निबंध पुन्हा लिहिताना प्रत्येक ‘नो’वर पेन्सिलीने लिही: माहीत, ओळख की येतं. मगच वाक्य जुळव आणि ती पेन्सिल न पुसता कागद माझ्याकडे पाठव.