पहिल्यांदा मोर्चाला निघालीस, तर

अगं, माइक नंतर. आधी मागं बसून ऐक. सफाई कामगारांच्या सभेत मी पहिल्याच दिवशी वीस मिनिटं क्रांतीवर बोललो. पुढं बसलेल्या मावशी शांतपणे म्हणाल्या, "बाळा, थकलेल्या पगाराचं काय ते बोल." घामच फुटला.

दुसऱ्यांच्या लढ्याला पाठिंबा द्यायचा तर त्यांचे कागद वाच. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या दोन-तीन प्रती मागवल्या होत्या. नुसत्या शुभेच्छा नाही पाठवल्या! १९७२ ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिनं नाव अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून घेतलं. प्रश्न मात्र इथल्या गावकुसाबाहेरचे होते. तुमच्या कॉलेजच्या गटात हल्ली पॅलेस्टाईनवर पोस्टर निघतं, पण वसतिगृहातल्या पोरांची अडकलेली शिष्यवृत्ती कुणाला माहीत नसते. मला हे खटकतं.

आझाद मैदानात येताना पाणी आणि ओळखपत्र घे, परवानगीच्या पत्राची झेरॉक्स गटातल्या दोघींकडे ठेवा. वकिलाचा नंबर पेनानं मनगटावर लिही, मोबाईल ऐनवेळी मरतो. आणि आईला खरं सांगून ये. थापा मारून आलेल्यांचेच फोन नेमके घोषणा चालू असताना वाजतात.