बसल्या जागी घाम: आळशी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: व्यायाम हवा, पण धावपळ नको. मागणी रास्त आहे. ज्याला हलायचा कंटाळा येतो त्याला तासाभराचा कार्यक्रम देऊन उपयोग नसतो, तो दुसऱ्याच दिवशी बंद पडतो.

प्रश्न: रोज पहाटे पाचचा गजर लावते. गजर वाजला की झडप घालून तो बंद करते. दिवसभरातली माझी सगळ्यात चपळ हालचाल तीच! पलंगावरच होईल असं काही सांगा.

आधी तो पाचचा गजर काढून टाका. व्यायाम संध्याकाळी केला तरी स्नायूंना तेवढाच पोचतो आणि झोप मोडून केलेला व्यायाम चार दिवस टिकत नाही.

जाग आल्यावर पाठीवर पडूनच दोन्ही पायांचे पंजे स्वतःकडे ओढा, मग पुढे ताणा. असं २० वेळा करा. पोटऱ्या आवळल्या की पायातलं रक्त वर ढकललं जातं, त्यामुळे उठल्यावर पाय जड वाटत नाहीत. मग गुडघे वाकवून टाचा नितंबांपासून वीतभर अंतरावर टेकवा आणि टाचांवर भार देत कंबर उचला. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत सरळ रेषा झाली की थांबा, तीन सेकंद धरा आणि सावकाश खाली या. दहा वेळा पुरे.

इथे दोन गोष्टी हमखास चुकतात. मांडीच्या मागच्या बाजूला गोळा आला तर टाचा फार लांब आहेत, त्या जवळ घ्या. कमरेत कळ आली तर तुम्ही गरजेपेक्षा वर उचलताय, म्हणजे नितंबांचं काम कंबर करतेय. गादी फार मऊ असेल तर टाचा रुततात आणि जोर मिळत नाही. मग खाली सतरंजी टाकावी लागेल, त्याला इलाज नाही.

प्रश्न: मालिका बघताना रिमोटही दुसऱ्याकडून मागून घेतो. एकच व्यायाम करायचा असेल तर कोणता?

खुर्चीतून उठणं आणि परत बसणं. मांड्या आणि नितंब हे शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू एकदम कामाला लागतात. शिवाय म्हातारपणी कुणाचा हात न धरता उठता येणं यावरच अवलंबून असतं. म्हणून हा व्यायाम नीट समजून घ्या.

खुर्ची साधारण ४५ सेंटिमीटर उंच, चाकं नसलेली, पाठ भिंतीला टेकवलेली. सोफा नको. तो खोल आणि मऊ असतो, सुरुवातीलाच जड जातो. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा. पावलं खांद्यांइतकी लांब ठेवा आणि टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या. हात छातीवर दुमडा. आता नाक पायाच्या अंगठ्यांच्या वर येईल इतकं पुढे झुका आणि उठा. बहुतेकांची गाडी इथेच अडते: ताठ बसून उठायला बघतात, वजन मागेच राहतं आणि धप्पकन परत बसतात. झुकलं की वजन पावलांवर येतं आणि उठणं एकदम सोपं होतं.

बसताना मनात तीन आकडे मोजा. खाली येतानाचा हा संथपणाच खरी ताकद देतो, त्यामुळे तो चुकवू नका. गुडघे एकमेकांकडे झुकत असतील तर ते पायाच्या मधल्या बोटाच्या रेषेत ठेवा. उठताना श्वास सोडा. श्वास कोंडून जोर केला की रक्तदाब क्षणात चढतो. हाताच्या आधाराशिवाय जमतच नसेल तर खुर्चीवर एक घट्ट उशी ठेवा. उंची वाढली की काम हलकं होतं, जमायला लागलं की उशी काढा.

पहिल्या दिवशी फक्त पाच वेळा. आठवड्याभरात दहा करा, मग प्रत्येक जाहिरातीच्या वेळी दहा. मालिका चुकत नाही आणि रिमोटही आपला आपण आणता येतो.

प्रश्न: दहा हजार पावलं झालीच पाहिजेत का? माझं घड्याळ मी नुसते हात हलवले तरी पावलं मोजतं, तेवढ्यावर भागेल?

घड्याळाचं भागेल, हृदयाचं नाही! पण दहा हजारांचं दडपण घेऊ नका. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नाव ‘मानपोकेई’, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. आकडा त्या नावातून पसरला, कुठल्या वैद्यकीय मोजमापातून नव्हे.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सुचवते. पूर्वी तो किमान दहा मिनिटं सलग हवा अशी अट होती, ती २०२० साली काढून टाकली. त्यामुळे फोनवर बोलताना मारलेल्या तीन मिनिटांच्या फेऱ्याही हिशेबात धरा, फक्त वेग हवा. मिनिटाला साधारण १०० पावलं पडली पाहिजेत. चालताना बोलता येतंय पण गाता येत नाही, असा वेग बरोबर.

जिन्याची किंमत तर जुनीच माहीत आहे. १९५३ साली जेरी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांतल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा वर-खाली करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला. वाहक व्यायाम करत नव्हते, तिकिटं फाडत होते.

प्रश्न: बूट, चटई, डंबेल्स यांची यादी तयार आहे. काय आधी घेऊ?

काहीच नको. भिंत आहे ना? भिंतीपासून हातभर लांब उभे राहा, तळवे छातीच्या उंचीवर टेकवा, कोपरं वाकवून छाती भिंतीकडे न्या आणि ढकलत परत या. दहा वेळा. पोट पुढे लोंबू देऊ नका, अंग फळीसारखं सरळ हवं. सोपं वाटलं की पावलं थोडी मागे घ्या. फक्त पायमोजे घालून गुळगुळीत फरशीवर करू नका, पाय सटकतो.

प्रश्न: जोशात पहिल्याच दिवशी ५० उठबशा काढल्या. तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला मिठी मारावी लागली. आता सोडून देऊ?

सोडू नका, पण ५० वर परतही जाऊ नका. सवय नसलेल्या स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते, म्हणून हे दुखणं २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त असतं. ‘स्नायूंत आम्ल साठलंय म्हणून दुखतं’ असं म्हणतात ते खरं नाही, ते आम्ल तासाभरात निघून जातं. पडून राहण्यापेक्षा हलकं चाललेलं बरं. चार-पाच दिवसांत उतरतं. मग दहापासून सुरू करा.

लघवी गडद तपकिरी झाली, किंवा स्नायू सुजून दुखणं वाढतच गेलं, तर मात्र लगेच डॉक्टर गाठा. व्यायाम करताना छातीत दाटलं, चक्कर आली तरी थांबायचंच.

प्रश्न: २१ दिवसांत सवय लागते म्हणतात. माझा बाविसावा दिवस होता, लागली नाही.

तुमचं काही चुकलेलं नाही. लंडनमध्ये झालेल्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलंही नाही.

नवी वेळ शोधण्यापेक्षा जुन्या सवयीला व्यायाम जोडा. दात घासायला दोन मिनिटं लागतात. पहिलं मिनिट टाचा वर-खाली करा, मग ३० सेकंद डाव्या पायावर आणि ३० सेकंद उजव्या पायावर उभे राहा. तोल जात असेल तर उचललेल्या पायाचा अंगठा जमिनीला टेकलेला ठेवा आणि मोकळा हात बेसिनच्या काठावर. फरशी मात्र आधी कोरडी करून घ्या.